हात लावला नाही की पंखा घोंघावतो, टास्क मॅनेजर उघडला की गप्प

उनाड_पाखरू:

घरचा लॅपटॉप आहे. इंटेल आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती. काम करताना सावकाश पण ठीक चालतो. पाच-दहा मिनिटं हात लावला नाही की पंखा जोरात सुरू होतो. टास्क मॅनेजर उघडला की पहिल्या क्षणी सीपीयू ६०-७० टक्के दिसतो आणि बघता बघता ५ वर येतो. कोण एवढं खात होतं ते कळतच नाही. ओळखीतल्या एकाचं म्हणणं, हा मायनर व्हायरस आहे (आपला प्रोसेसर वापरून गुपचूप क्रिप्टो नाणी कमावणारा), टास्क मॅनेजर उघडला की लपतो.

आणखी काही शंका. प्रोसेसची संख्या १७० च्या आसपास असते, त्यात एसव्हीसीहोस्ट नावाच्या ७०-७५. हे बरोबर आहे का? एकच प्रोग्राम 'प्रोसेसेस' टॅबमध्ये २५ टक्के दाखवतो आणि 'डिटेल्स' टॅबमध्ये १२. खरं कोणतं? 'सिस्टम आयडल प्रोसेस' ९० टक्क्यांवर असते, ती बंद करता येत नाही. आणि अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट ही मंडळी कोण? एका व्हिडिओत २०-२५ सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) बंद करायला सांगितल्या आहेत. करू का?

शून्य_एक:

व्हिडिओतलं काहीही अजून करू नका. आधी आकडे वाचायला शिकू, निम्म्या शंका तिथेच मिटतील.

तुमच्या प्रोसेसरमध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने ८ लॉजिकल प्रोसेसर. डिटेल्स टॅबमधले १०० टक्के म्हणजे हे आठही पूर्ण वेळ कामात. एका थ्रेडच्या वाट्याला जास्तीत जास्त १०० भागिले ८, म्हणजे १२.५ टक्के येतात. त्यामुळे एखादी प्रोसेस १२ किंवा १३ वर खिळून बसली असेल तर 'फक्त १२ टक्के' म्हणून सोडून देऊ नका. तिचा एक थ्रेड थांबायचं नावच घेत नाहीये. जुन्या २ कोअर ४ थ्रेडच्या आय३ वर हाच प्रकार २५ दिसेल.

आता २५ आणि १२ चा घोळ. विंडोज १० मधला प्रोसेसेस टॅब आणि परफॉर्मन्स टॅब नुसता वेळ मोजत नाही, त्या वेळात प्रोसेसर किती वेगाने चालला तेही धरतो. तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्‌झ, टर्बोत, म्हणजे गरजेपुरत्या आपोआप वाढलेल्या वेगात, तो ३.४ पर्यंत जातो. एक थ्रेड पूर्ण व्यापलेला आणि वेग ३.२ असेल तर १२.५ ची दुप्पट, २५ टक्के दिसतात. दोन्ही आकडे खरे, मोजण्याची रीत वेगळी. यातली गोम अशी की टर्बो जोरात असताना प्रोसेसर जेमतेम अर्धा व्यापलेला असला तरी परफॉर्मन्स टॅब १०० ला टेकतो, कारण त्याच्यापुढे आकडा दाखवतच नाहीत. २०२५ च्या मध्याला विंडोज ११ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने सगळ्या टॅबना एकच रीत लावली आणि जुनी रीत वेगळ्या स्तंभात ठेवली. तुम्ही १० वर आहात, तेव्हा निदान करताना डिटेल्स टॅबच धरून चाला.

सिस्टम आयडल प्रोसेस म्हणजे रिकामा वेळ. ती ९० म्हणजे प्रोसेसर ९० टक्के मोकळा. तिला बंद करण्यासारखं काही नाही.

एसव्हीसीहोस्ट म्हणजे सर्व्हिसेस आपल्या पोटात चालवणारी प्रोसेस. त्या ७५ असणं अगदी नेहमीचं आहे. पूर्वी एका एसव्हीसीहोस्टमध्ये दहा-पंधरा सर्व्हिसेस कोंबलेल्या असायच्या. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून, म्हणजे १७०३ आवृत्तीपासून, ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसला स्वतंत्र प्रोसेस मिळते. एक कोसळली तरी बाकीच्या वाचतात, आणि कोण किती खातंय तेही वेगळं दिसतं. डिटेल्समध्ये एखाद्या एसव्हीसीहोस्टवर राइट क्लिक करून 'गो टू सर्व्हिसेस' निवडा, आत कोणती सर्व्हिस आहे ते उजळून दिसेल. फाइल कुठे आहे तेही बघा. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२ मध्ये असेल तर ठीक. ३२ बिटची प्रत सिसवाऊ६४ मध्ये असते, तीही ठीक. ॲपडेटा किंवा टेम्पमधून चालणारी एसव्हीसीहोस्ट मात्र सोडू नका.

संख्येची काळजी तर करूच नका. १७० पैकी दीडशे प्रोसेस कशाची तरी वाट बघत झोपलेल्या असतात. झोपलेली प्रोसेस थोडी रॅम धरून ठेवते, प्रोसेसरचा वेळ घेत नाही.

खटपट्या:

पंख्याबद्दल. हात काढला की काम सुरू आणि माउस हलला की बंद, हे विंडोजचं ठरवून केलेलं वागणं आहे. 'ऑटोमॅटिक मेंटेनन्स' नावाची यंत्रणा रात्री २ वाजताची वेळ धरून असते. घरचा लॅपटॉप रात्री २ ला बंद असतो, म्हणून राहिलेलं काम पुढच्या वेळी मशीन रिकामं दिसलं की काढलं जातं. चार-पाच मिनिटं कीबोर्ड-माउस शांत राहिले, प्रोसेसर आणि डिस्कही निवांत असली की डिफेंडरचं (विंडोजच्या अँटीव्हायरसचं) स्कॅन, डिस्कची देखभाल, अपडेटनंतरची साफसफाई, डॉटनेटचा कोड आधीच तयार करून ठेवणं, सगळं एकदम अंगावर येतं. तुम्ही परत आलात की बहुतेक कामं जागच्या जागी थांबतात. टास्क मॅनेजर उघडायला तुम्ही कीबोर्डला हात लावताच, त्यामुळे तो उघडेपर्यंत रान मोकळं झालेलं असतं.

पडताळा सोपा आहे. हे मेंटेनन्स लॅपटॉप चार्जरवर असतानाच चालतं. बॅटरी पुरेशी भरलेली असताना चार्जर काढा आणि १५ मिनिटं हात लावू नका. पंखा शांत राहिला तर संशय मेंटेनन्सवर. बॅटरीवरही तसाच घोंघावला तर पुढे शोधायला हवं, कारण मायनरला चार्जरशी देणंघेणं नसतं.

टास्क मॅनेजर पाहून लपणारे मायनर खरोखर असतात, ती अफवा नाही. पण ते लपले तरी केलेला खर्च लपत नाही. डिटेल्स टॅबच्या शीर्षकपट्टीवर राइट क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स'मध्ये जाऊन 'सीपीयू टाइम' वर खूण करा आणि त्या स्तंभावर उतरत्या क्रमाने लावा. प्रोसेस सुरू झाल्यापासून तिने एकूण किती प्रोसेसर-वेळ खाल्ला ते तास, मिनिटं, सेकंदांत दिसतं. टक्के हे आत्ताच्या सेकंदाचं चित्र, सीपीयू टाइम म्हणजे खातेवही. मला विचाराल तर घरच्या मशीनचं निदान याच स्तंभापासून सुरू करावं, आणि नेमका हाच मूळ मांडणीत दिसत नाही.

दोन पथ्यं. मोजणीआधी 'रीस्टार्ट' करा, 'शट डाउन' नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये कर्नल आणि ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तेच परत उचलले जातात. परफॉर्मन्स टॅबमधला 'अप टाइम' म्हणूनच अकरा-बारा दिवस दिसतो आणि लोक गोंधळतात. दुसरं, मोजणीच्या काळात स्लीपमध्ये घालू नका.

दोन मिनिटांसाठी येऊन जाणाऱ्या प्रोसेसचं खातं तिच्याबरोबरच जातं. तिच्यासाठी रिसोर्स मॉनिटर. विंडोज आणि आर दाबून चौकटीत 'रेसमॉन' लिहा, स्पेलिंग आर-ई-एस-एम-ओ-एन. सीपीयू टॅबमध्ये 'ॲव्हरेज सीपीयू' वर लावा, ही गेल्या ६० सेकंदांची सरासरी असते. स्क्रीन विझणार नाही अशी सेटिंग करून खिडकी उघडी ठेवा आणि उठून जा. पंखा वाजला की माउसला हात न लावता नुसतं वाचा. संपलेली प्रोसेसही थोडा वेळ करड्या रंगात यादीत राहते.

उनाड_पाखरू:

दोघांचेही आभार. बॅटरीवर पंखा बराच शांत होता, पूर्ण नाही. रीस्टार्टनंतर २० तास चालू ठेवला, स्लीप बंद. सीपीयू टाइम असा: आयडल १४६ तास, डब्ल्यूएमआयपीआरव्हीएसई (म्हणजे डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट) ४ तास १०, एमएसएमपीइंजिन ३ तास ४०, ब्राउझरच्या सगळ्या मिळून अडीच तास, सिस्टम दीड तास, सर्च इंडेक्सर ५० मिनिटं, बाकी किरकोळ. अनोळखी नाव नाही.

शून्य_एक:

हिशेब जुळतो. २० तास गुणिले ८, म्हणजे १६० तास उपलब्ध होते, त्यातले १४६ रिकामे. मायनर असता तर रिकामे तास इतके उरलेच नसते. तो विषय जवळजवळ मिटला. खुंटा हलवून बळकट करायचा तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधला प्रोसेस एक्सप्लोरर उतरवा, 'ऑप्शन्स'मध्ये 'व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स' आणि व्हायरसटोटलची तपासणी चालू करा. सही नसलेली आणि व्हायरसटोटलवर लाल आकडा असलेली प्रोसेस दिसली तरच पुढचा विचार.

डब्ल्यूएमआयचे ४ तास १० मात्र खटकतात. २० तासांत २५० मिनिटं म्हणजे एका लॉजिकल प्रोसेसरचा पाचवा हिस्सा अखंड. एकूण क्षमतेच्या तो २.६ टक्केच, म्हणून टक्क्यांच्या यादीत कधी नजरेत भरला नाही. पण प्रोसेसर नीट झोपू न देण्यासाठी एवढं पुरे. बॅटरीवरही पंखा पूर्ण शांत का झाला नाही, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट स्वतःहून काही करत नाही. दुसरे प्रोग्राम त्याला विचारत राहतात: बॅटरी किती, तापमान किती, कोणत्या प्रोसेस चालू आहेत. तो बिचारा उत्तरं देत बसतो. त्याला 'एंड टास्क' केलं तर क्षणभर जातो, पुढचा प्रश्न आला की परत उगवतो. विचारणारा शोधायचा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, 'डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी', 'ऑपरेशनल'. तिथे ५८५८ क्रमांकाच्या त्रुटी असतील. प्रत्येकीच्या तपशिलात 'क्लायंटप्रोसेसआयडी' असतो. एकच आकडा पुन्हा पुन्हा आला तर डिटेल्स टॅबमधल्या 'पीआयडी' (प्रोसेसचा क्रमांक) स्तंभात तो शोधा. हे रीस्टार्ट न करता एकाच बैठकीत करा, पीआयडी दर वेळी बदलतात. एक मर्यादा लक्षात असू द्या: ५८५८ मध्ये फसलेल्या विचारणाच नोंदल्या जातात. विचारणारा शहाणा असेल तर लॉगमध्ये दिसणार नाही. मग एकेक संशयित सर्व्हिस थांबवून अर्ध्या तासात सीपीयू टाइम किती वाढतो ते बघावं लागतं.

उनाड_पाखरू:

सापडला. एकाच पीआयडीच्या शेकडो नोंदी. लॅपटॉपसोबत आलेल्या 'सपोर्ट' युटिलिटीची सर्व्हिस आहे.

शून्य_एक:

अशा युटिलिटी ड्रायव्हर आणि बायोसचे अपडेट सांगण्यासाठी असतात आणि त्यासाठी दिवसभर मशीनची नाडी धरून बसतात. 'ॲप्स अँड फीचर्स'मधून काढून टाका. बायोस आणि ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून हाताने मिळतात. काढायची नसेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये तिचा 'स्टार्टअप टाइप' 'मॅन्युअल' करा. कीबोर्डवरच्या खास बटणांसाठी एखादी वेगळी सर्व्हिस असते, ती मात्र ठेवा, नाहीतर ब्राइटनेसची बटणं मुकी होतील.

बोरू:

एमएसएमपीइंजिनकडे येतो, म्हणजेच अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल. हा डिफेंडर. त्याची दोन कामं आहेत आणि दोन्हींचा खर्च वेगळा. ठरलेल्या वेळी होणाऱ्या स्कॅनला सरासरी ५० टक्क्यांची मर्यादा मुळातच असते, मशीन रिकामं असताना मात्र ती पाळली जात नाही. रियल-टाइम संरक्षणाला ती लागू नाही: जी फाइल उघडेल, लिहिली जाईल, ती तिथल्या तिथे तपासली जाते. हजारो फाइल असलेली झिप उलगडली, फोनमधले फोटो उतरवले की तो वर जाणारच. काम संपल्यावर उतरला तर त्याला दोष देऊ नये.

स्कॅन गैरसोयीच्या वेळी येत असेल तर टास्क शेड्युलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, 'विंडोज डिफेंडर' या फोल्डरमध्ये 'शेड्युल्ड स्कॅन' आहे. त्याला 'ट्रिगर' जोडून आठवड्यातून एकदा जेवणाची वेळ द्या. 'एक्सक्लूजन्स'मध्ये फोल्डर टाकायचाच तर स्वतः तयार केलेल्या फाइलींचा टाका. डाउनलोड्स आणि टेम्प कधीही नाही, घाण तिथूनच येते. डिफेंडरची स्वतःची फाइल एक्सक्लूजनमध्ये टाकायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी फिरतो. मूळ कारण त्याने जात नाही, करू नये. आणि दुसरा अँटीव्हायरस असेल तर एकच ठेवा.

आता व्हिडिओतल्या सर्व्हिसेस. त्यात एक हमखास असते: 'टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनेल'. टच स्क्रीन नाही, मग कशाला हवी, असं सांगून बंद करायला लावतात. तिच्यावरच सीटीएफमॉन अवलंबून आहे आणि भाषा बदलण्याचं काम तो बघतो. ती बंद केली की विंडोज आणि स्पेस दाबून मराठी कीबोर्डवर जाणं बिघडतं, स्टार्ट मेनूच्या शोधात टाइपच होत नाही, आणि लोक कीबोर्ड खराब झाला समजून दुरुस्तीला नेतात. वाचणारा प्रोसेसर-वेळ जवळजवळ शून्य.

तुमचं 'सावकाश' मात्र प्रोसेसरमुळे नाही असं माझं स्पष्ट मत आहे. परफॉर्मन्स टॅबमध्ये 'डिस्क' निवडा. सीपीयू १०-१५ टक्के, डिस्कचा 'ॲक्टिव्ह टाइम' १०० आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' शेकडो मिलिसेकंद असं दिसलं तर प्रोसेसर डिस्कची वाट बघत रिकामा बसलाय. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फाइली सेकंदाला साधारण शंभर वेळा वाचू शकते. साधी साटा एसएसडीसुद्धा हेच हजारोंनी करते. विंडोजची पार्श्वभूमीतली सगळी कामं, इंडेक्सिंग, स्कॅन, अपडेट, याच प्रकारची वाचन-लेखनं करतात. एवढ्या एका बदलाने जो फरक पडेल तो सर्व्हिसेस बंद करण्याच्या शंभर युक्त्यांनी पडणार नाही. मात्र बदलण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागांची संख्या) बघा. शून्यापेक्षा जास्त असेल तर आधी बॅकअप, मग क्लोनिंग, म्हणजे नव्या डिस्कवर हुबेहूब प्रत.

तोवर 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये 'मॉडिफाय' करून फोटो आणि सिनेमांचे फोल्डर वगळा.

पेंग्विनप्रेमी:

कोणी लिनक्सवर हे पडताळणार असेल तर एवढंच: तिथे 'टॉप' मध्ये १०० टक्के म्हणजे एक लॉजिकल प्रोसेसर. ८ थ्रेडच्या मशीनवर एखादी प्रोसेस ६०० दाखवू शकते. कॅपिटल आय दाबला की एकूण क्षमतेच्या हिशेबात बदलतं. आणि 'लोड ॲव्हरेज'मध्ये डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात, त्यामुळे लोड ९ आणि सीपीयू रिकामा असं दृश्य दिसलं की डिस्ककडे वळा.

ब्राउझरच्या अडीच तासांबद्दल: क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन ते कळतं. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'खाली ब्राउझर बंद केल्यावरही ॲप चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. यूट्यूब बघताना पंखा चढत असेल तर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' बघा. कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) एव्ही०१ लिहिलं असेल तर तुमच्या यूएचडी ६२० ग्राफिक्सला ते हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. व्हीपी०९ हार्डवेअरमध्ये चालतं.

उनाड_पाखरू:

युटिलिटी काढली. रात्रभरात डब्ल्यूएमआय एक मिनिटाच्या आत. डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम खरंच १०० असतो, एसएसडी घेतोय. शेवटचं: पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ करायला सांगतात, करू का? आणि सिस्टम इंटरप्ट्स किती असावं?

खटपट्या:

९९ केलं की टर्बो बंद होतो. तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेग १.६, म्हणजे ३.४ वरून तुम्ही थेट निम्म्याच्याही खाली याल. तापमान आणि आवाज उतरेल, पण ब्राउझर जड वाटेल. बॅटरीच्या प्लॅनपुरतं किंवा एप्रिल-मे महिन्यांत दुपारपुरतं करायला हरकत नाही. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. विदर्भात खोली ४२ अंशांवर असेल तर हिवाळ्यातल्या २५ अंशांच्या तुलनेत प्रोसेसर त्याच कामाला साधारण १७ अंश जास्त तापलेला असतो, आणि पंखा किरकोळ कामालाही चढतो. सात-आठ वर्षांच्या मशीनमध्ये पंख्याच्या जाळीतली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट हा पहिला खर्च समजा. एसएसडीसाठी मागचं झाकण उघडणारच आहात, तेव्हाच करून घ्या.

उलट परिस्थितीही ओळखून ठेवा: सीपीयू १०० टक्के, मशीन कासवगतीने, आणि परफॉर्मन्स टॅबमध्ये 'स्पीड' ०.४ किंवा ०.७९ गिगाहर्ट्‌झवर अडकलेला. त्यात प्रोसेस निर्दोष असते. चार्जर कमी वॉटचा किंवा मशीनला न ओळखता येणारा असेल, किंवा एखादा सेन्सर बिघडला असेल, तर मदरबोर्ड प्रोसेसरला जबरदस्तीने खाली दाबतो. चार्जर काढून वेग वर येतो का बघा.

सिस्टम इंटरप्ट्स ही खरी प्रोसेस नाही, हार्डवेअरच्या हाका ऐकण्यात गेलेला वेळ तिथे दाखवतात. १ टक्क्याच्या आत असतो. सतत ५ च्या वर राहिला तर यूएसबीवरचं सगळं काढा. तरीही उतरला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय, ब्लूटूथ, कार्ड रीडर एकेक करून 'डिसेबल' करा. ज्याला बंद केल्यावर आकडा पडेल त्याचा ड्रायव्हर बदला, नवा चालत नसेल तर एक पायरी जुना.